मानशीचे दार



मृग तोंडावर आला आहे. कौले परतून झाली, लाकूडफाटा आत आला, सुक्या मासळीची बेगमीही झाली. परंतु खाजनाच्या बांधावरून आपण शेवटचे केव्हा चाललो, असे विचारले तर पुष्कळजण गप्प राहतील.

गोमंतकातील सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन भरतीच्या पातळीहून सखल आहे. तिच्या व नदीच्या मध्ये उभा आहे तो केवळ माती, पेंढा व जांभ्या दगड यांचा बांध, आणि त्या बांधात बसविलेली मानस. भरती चढली की मानशीचे दार बाहेरच्या दाबाने आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. पूर्वजांची ही युक्ती अजून जुनी झालेली नाही.

मात्र अमावास्या-पौर्णिमेचे उधाण व मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर दार उघडूच शकत नाही. ओहोटी लागेपर्यंत पावसाचे सारे पाणी आतल्या पोयीत थोपवून धरावे लागते. पोय गाळाने भरलेली असेल, किंवा कोणी ती बुजवून वर भिंत उभारली असेल, तर तेच पाणी आपला उंबरठा गाठते. बांध फुटला तर गोष्ट आणखी वाईट. शेतात शिरलेले मीठ धुऊन निघण्यास काही पावसाळे जावे लागतात, आणि जवळच्या विहिरी खाऱ्या होतात. कोरगूट भात थोडे मीठ सोसते, प्रत्यक्ष नदी सोसत नाही.

अशा वेळी आपण सहज म्हणून जातो, ‘देवाची मर्जी!’ खेकड्याने महिनाभर पोखरलेल्या बिळाची जबाबदारी परमेश्वरावर ढकलणे मला तरी पटत नाही. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची देखरेख मुख्यतः कूळ संघांकडे आली. मानशीवरील मासेमारीची पावणी होते, त्या उत्पन्नातून बांध राखावा अशी अपेक्षा असते. परंतु सुंगटे व चोणक अधिक मिळावेत म्हणून दार नको तेव्हा उघडे ठेवले जाते, काही ठिकाणी तर बांध मुद्दाम फोडला जातो, आणि बाकीचा गाव पाहत राहतो. जो शेत पडीक टाकतो, त्याला बांधाची चिंता कशाला वाटावी?

बांधाला माणसांखेरीज इतरही शेजारी आहेत. चोडण बेटाच्या परिसरात पाणमांजरे आहेत. मासळी हे त्यांचे मुख्य अन्न, पण खेकडेही ती खातात. त्याच बेटावर १९८८ मध्ये सलीम अली पक्षी अभयारण्य स्थापन झाले. खाजनात बगळे, खंड्या, शेकाटे नित्याचे, आणि हिवाळ्यात दूरदेशीची बदकेही उतरतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी राहतात. दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येस मातीची मगर घडवून तिची पूजा करण्याची प्रथा आहे; आमच्या हिंदू बांधवांनी ह्या शेजाऱ्याची आठवण आपल्यापेक्षा बरी ठेवली, असे म्हणावे लागेल. खारफुटीचे मात्र दोन चेहरे आहेत. बांधाच्या बाहेर ती लाटांचा मार अंगावर घेते, म्हणून तेथे तिच्यावर कोयता चालवू नये. बांध फुटून तीच शेतात रुजली, तर कायद्याने तोडता येत नाही, आणि शेत कायमचे जाते.

तेव्हा येत्या अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढते त्या वेळी, प्रत्येक घरातून एकाने तरी बांधावर यावे. मानशीच्या फळ्या कुजल्या आहेत काय, दार नीट मिटते काय, हे प्रथम पाहावे. बिळांत चिखल व पेंढा ठासून भरावा. नुसती वरवर माती टाकू नये, ती पहिल्याच सरीत वाहून जाते. घरात बांधकामाचे जाणते वृद्ध असतील तर त्यांना हात धरून घेऊन यावे. कोणत्या बिळाचे तोंड पलीकडे उघडते, ते त्यांना पाहताक्षणी समजते.