द्राक्षबागाईतदाराच्या नावाने

नाशिकच्या मळ्यांत हिंडून चार प्रकारची वाइन चाखावी, कोणती कोणत्या पदार्थाशी जुळते ते पाहावे, एखादी बाटली स्नेह्यासाठी घ्यावी, हा प्रघात पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांत आता रुळला आहे. त्यास आमचा आक्षेप नाही. सरकारी समर्थन मात्र पटत नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीस मंत्रिमंडळाने मान्यता दिली ती शेतकऱ्याच्या नावाने. विरोध होताच निर्णय रेंगाळला. परंतु नाशकात बहुतेक बागांत पिकतात ती खाण्याची द्राक्षे. वाइनच्या जाती निराळ्या. अवकाळी पावसाने घड तडकले, तर त्या बागाईतदारास या पेल्याचा आधार कोठला? शिवाय १९४९ चा दारूबंदी कायदा, पिणाऱ्याच्या परवान्यासह, अद्याप कायम आहे. पाहुण्यांस मळ्यात बोलावण्यापूर्वी सरकारने तो विधिमंडळापुढे आणावा.