जोडवर्गातले गणित आणि उरलेली वीस मिनिटे

तिसरीला वजाबाकी, चौथीला भागाकार. शिक्षक एक, फळा एक आणि तासही एकच. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ ओढलेली असते. गुरुजी रेघेच्या डाव्या अंगाला उभे राहून तिसरीला शिकवीत असतात, तेव्हा उजव्या अंगाच्या चौथीला 'पाढे लिहा' असा हुकूम झालेला असतो. वीस मिनिटांनी बाजू पालटते आणि पाढे लिहिण्याची पाळी तिसरीवर येते. डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या भागांतील आपल्या कितीतरी प्राथमिक शाळांत गणिताचा तास असाच पार पडतो. शिक्षणशास्त्राच्या परिभाषेत याला 'बहुवर्ग अध्यापन' म्हणतात. शिक्षकमंडळी साधेपणाने 'जोडवर्ग' म्हणतात.

जोडवर्ग ही कोणाच्या हलगर्जीपणातून उद्भवलेली तात्पुरती अडचण आहे, अशी एक सर्वसाधारण समजूत दिसते. ती खरी नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याचे परिशिष्टच पाहावे. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन, असे प्रमाण त्यात घालून दिलेले आहे. इयत्ता पाच आणि शिक्षक दोन, म्हणजे एकाकडे दोन वर्ग आणि दुसऱ्याकडे तीन, हे सांगायला गणितज्ञ नको. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा योजनेनेही प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन शिक्षक मिळावेत, एवढेच उद्दिष्ट ठेवले होते. तेव्हा लहान शाळांतील जोडवर्ग हा अपवाद नसून कायद्याने गृहीत धरलेला नियम आहे. दुर्दैव असे की, नियम म्हणून तो मान्य झाला तरी पाठ्यपुस्तक, वेळापत्रक, प्रशिक्षण आणि तपासणी यांची सारी मांडणी आजही 'एक इयत्ता, एक शिक्षक, एक खोली' याच कल्पनेवर उभी आहे.

या विसंगतीचा सर्वांत मोठा फटका गणिताला बसतो. भाषेच्या तासाला मूल एकटे धडा वाचू शकते, चित्र पाहून चार ओळी लिहू शकते. गणिताची गोष्ट वेगळी आहे. बावन्नातून सत्तावीस वजा करताना तिसरीतले मूल दोनातून सात जात नाहीत असे पाहते आणि सातातूनच दोन काढून मोकळे होते. उत्तर येते पस्तीस. हे मूल निष्काळजी नाही. त्याने स्वतःपुरता एक नियम शोधून काढला आहे, आणि त्या नियमाशी ते प्रामाणिक आहे. शिक्षक रेघेच्या पलीकडे असताना त्याने अशी दहा उदाहरणे सोडविली, तर चुकीचा नियम दहा वेळा घटवला जातो. दुसऱ्या दिवशी तो पुसून काढणे हे नवे शिकविण्यापेक्षा अवघड असते.

थोडा हिशेब करू. गणिताचा तास चाळीस मिनिटांचा धरला, तर जोडवर्गातील प्रत्येक मुलाच्या वाट्याला शिक्षकाची वीस मिनिटे येतात आणि वीस मिनिटे ते शिक्षकाविना बसते. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला किमान दोनशे दिवस कामाचे ठरवून दिलेले आहेत. रोजची वीस मिनिटे म्हणजे वर्षाची चार हजार, अर्थात सहासष्ट घड्याळी तासांहून अधिक वेळ. आपली सारी चर्चा पहिल्या वीस मिनिटांची होते: शिक्षकाने कसे शिकवावे, कोणते साहित्य वापरावे, अभ्यासक्रम किती पुढे गेला. जोडवर्गाचे यशापयश मात्र ठरते ते उरलेल्या वीस मिनिटांत. त्या वेळी मूल काय करीत असते, हाच खरा प्रश्न आहे, आणि नेमका तोच कोणी विचारीत नाही.

अनेक वर्षे जोडवर्ग सांभाळलेल्या प्रस्तुत लेखकाला हे उशिरा उमगले, हे कबूल केले पाहिजे. आरंभीची काही वर्षे मीही फळ्यावर रेघ ओढीत असे आणि दोन्ही वर्गांना न्याय देण्याच्या धडपडीत दोघांनाही अर्धाच न्याय देत असे. एके दिवशी तिसरीला हातच्याची वजाबाकी समजावीत असताना रेघेपलीकडच्या चौथीतील एक मुलगी पाढे लिहायचे सोडून माझ्याकडे पाहत बसली होती. मी रागावलो. ती म्हणाली, "गुरुजी, हे मला गेल्या वर्षी कळलंच नव्हतं. आत्ता कळलं." ज्या गोष्टीला मी वर्गाची बेशिस्त समजत होतो, ते जोडवर्गाचे भांडवल होते. रेघ फळ्यावर होती. कान रेघ मानीत नाहीत.

त्यानंतर मी विषय वेगवेगळे घेण्याचे सोडले. तिसरी आणि चौथीला एकाच दिवशी वजाबाकी घेऊ लागलो. पहिली दहा मिनिटे दोन्ही वर्ग एकत्र. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या मध्ये ठेवायच्या, गठ्ठा सोडल्याशिवाय सात काड्या देता येत नाहीत हे सर्वांनी हाताने अनुभवायचे. पुढे तिसरीने बावन्न वजा सत्तावीस काड्यांनी करायचे, आणि चौथीने पाचशे दोन वजा दोनशे सत्तावीस. मधल्या शून्याशी चौथी अडखळते. दशकाच्या घरात गठ्ठाच नाही, मग तो शतकाकडून आणावा लागतो. कल्पना तीच, पायरी वरची. शाब्दिक उदाहरणांचेही तसेच. एक वही पंधरा रुपयांची. तिसरीला प्रश्न: सहा वह्यांचे किती? चौथीला प्रश्न: पाचशे रुपयांत किती वह्या येतील आणि किती रुपये उरतील? गोष्ट एक, प्रश्न दोन. शिक्षकाची तयारीही निम्मी होते आणि मुलांना परस्परांचे बोलणे अडथळा न वाटता आधार वाटू लागते.

इयत्तेची भिंत ही तशी अलीकडची आहे, हेही विसरता कामा नये. पंतोजींच्या शाळेत निरनिराळ्या वयाची मुले एकत्र बसत. कोणी धूळपाटीवर अक्षरे गिरवी, तर कोणी पावकी-निमकी म्हणे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल या पाद्र्याने मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविण्याची पद्धत रूढ केली. वाळूवर अक्षरे गिरविण्याची रीत त्याने येथल्याच देशी शाळांतून उचलली होती. १७९७ साली त्याने आपल्या प्रयोगाचा वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध केला आणि ती पद्धत इंग्लंडात पसरली. तथापि, या इतिहासाचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. पंतोजींच्या शाळेत घोकंपट्टी आणि छडी होती. बेलच्या पद्धतीत मोठी मुले ही स्वस्तातली मास्तरकी होऊन बसली. चौथीच्या हुशार मुलाला वर्षभर तिसरीचा शिपाई करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याने समजावून सांगावे ते स्वतःची समज पक्की होण्यापुरते, दहा मिनिटे. त्यानंतर त्याला त्याचे पुढचे गणित मिळालेच पाहिजे.

आधुनिक काळातील उदाहरणेही आहेत. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शिक्षण केंद्राने आसपासच्या खेड्यांतील लहान शाळांसाठी अभ्यासाच्या पायऱ्यांची कार्डे तयार केली. मूल आपल्या गतीने एकेक पायरी चढते आणि कोणते कार्ड पुढचे, हे त्याला स्वतःलाच कळते. पुढे तामिळनाडूने २००३ पासून चेन्नईच्या महापालिका शाळांत आणि नंतर राज्यभर या धर्तीवर काम केले. आपल्याकडेही २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर कित्येक शाळांच्या फरशीवर संख्यारेषा रंगल्या, मण्यांच्या माळा आणि काड्यांचे गठ्ठे मुलांच्या हाती आले. साहित्य आले हे चांगलेच झाले. पण शिक्षक समोर नसताना ते वापरून मुलाने काय करावे, याची आखणी साहित्याबरोबर आपोआप येत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. एवढा खटाटोप करण्यापेक्षा या लहान शाळा एकत्र करून प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक का देऊ नये? वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचा विचार राज्याच्या शिक्षणखात्याने २०२३ साली पुढे आणला, तो याच तर्काने. जेथे रस्ता बारमाही आहे आणि वाहनाची हमी आहे, तेथे या विचाराला लगेच विरोध करण्याचे कारण नाही. पण सहा वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जावे लागणार असेल, तर तिला स्वतंत्र वर्ग मिळण्याआधी तिची शाळाच सुटेल. शिवाय इयत्ता स्वतंत्र केली म्हणून मुले एका पायरीवर येत नाहीत. शहरातील चाळीस मुलांच्या चौथीतही कोणी दुसरीच्या वजाबाकीत अडलेले असते आणि कोणी पाचवीच्या अपूर्णांकांपर्यंत पोहोचलेले असते. तेथील जोडवर्ग फक्त नजरेस पडत नाही, एवढाच फरक. जोडवर्ग आहे म्हणून शाळा बंद करावी, हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही.

याचा अर्थ पद्धत सुधारली की सारे सुरळीत होईल, असाही नाही. दोनांपैकी एक शिक्षकपद रिकामे, आणि उरलेल्या एकाच्या माथी पाच इयत्ता, पोषण आहाराचा हिशेब व ऑनलाइन माहितीचे रकाने. अशा शाळेत कोणतीही अध्यापनपद्धती चमत्कार करणार नाही. कायद्याने दिलेला दुसरा शिक्षक ही शासनाची कृपा नसून मुलांचा हक्क आहे, हे आधी मान्य झाले पाहिजे.

त्यापुढच्या मागण्या मात्र खर्चिक नाहीत. तिसरी-चौथी, पहिली-दुसरी अशा जोड्यांतील गणिताचे कोणते पाठ एकत्र घेता येतील, याचा तक्ता पाठ्यपुस्तक मंडळाने शिक्षकांच्या हाती द्यावा. मुलाला आपले उत्तर स्वतः पडताळून पाहता येईल अशी स्वाध्यायपत्रे छापावीत. पदविकेच्या विद्यार्थ्यांनी काही सरावपाठ तरी जोडवर्गावर घ्यावेत. शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाच्या आठवड्याच्या पंचेचाळीस तासांत पाठाच्या तयारीचा वेळ धरलेला आहे. तो वेळ खरोखर तयारीसाठी सोडावा. आणि शाळा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी 'अभ्यासक्रम कुठवर आला?' असे विचारण्यापूर्वी, ज्या रांगेकडे गुरुजींची पाठ आहे त्या रांगेजवळ क्षणभर बसावे आणि तेथील मुलाची पाटी पाहावी.

त्या पाटीवर सतराव्यांदा लिहिलेला दोनाचा पाढा आहे, की काड्यांचा गठ्ठा सोडून मिळवलेले पंचवीस हे उत्तर आहे, यावरून त्या शाळेचे गणित कळेल.