कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

गरोदरपणी रोज अर्धा तास चालावे, वजन आटोक्यात ठेवावे, मन प्रसन्न ठेवावे, असे हल्ली सगळेच सांगतात. सल्ला चुकीचा नाही. गुंतागुंत नसेल तर गरोदर बाईनेही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. पण नवापूर तालुक्यातल्या पाड्यावर हे वाचून दाखवले की बाया पदराआड हसतात.

हसतात, कारण दिवाळीनंतर इथली कित्येक कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीची घेतलेली असते. सातव्या महिन्यात ती थांबली तर कोयता मोडतो, म्हणून ती थांबत नाही. वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. याला कोणी व्यायाम म्हणू नये. व्यायामात शरीर कमावते, कारण मागून विसावा असतो आणि पोटात अन्न असते. इथे शरीर नुसते झिजते.

त्यात आपल्या जिल्ह्यात सिकलसेल. या आजारात उन्हातले कष्ट आणि कमी पाणी यांनी अंगदुखीचा झटका येतो, गरोदरपणी तर जास्तच. म्हणून पहिल्याच तपासणीत सिकलसेलची चाचणी मागून घ्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. लोह-फॉलिकच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या, चहासोबत नाही. सिकलसेलचा आजार निघाला तर मात्र लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या लेकींनी जरूर चालावे. मोलमजुरी करणारीने दुपारी डाव्या कुशीवर तासभर पडावे, तिचा तोच व्यायाम. रक्त किंवा पाणी जाणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, बाळाची हालचाल कमी होणे, यातले काहीही दिसले तर उद्यावर ढकलू नका. १०२ ला फोन करा.

आता मनाचे. आम्ही नर्स होतो तेव्हा एका दवाखान्यात कळा देणाऱ्या बायांवर ओरडणे ही रीतच होती. आम्हीही ओरडलो आहोत, हे लपवत नाही. ‘आता कशाला रडतेस?’ या वाक्याने बाई गप्प होते, बरी होत नाही. गरोदर बाई झोपत नाही, जेवत नाही, पुन्हा मुलगीच झाली तर नवरा काय करील म्हणून धास्तावलेली असते, आणि घरचे म्हणतात, डोहाळे आहेत. दोन आठवडे असे चालले तर ते डोहाळे नव्हेत, उदासीचा आजार आहे, आणि त्याला उपचार आहे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, फुकट बोलता येते. सासूबाईंनीही हा क्रमांक जवळ ठेवावा.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायांच्या प्रसूती रजेचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यातच देशाचे हित आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ चा कायदा झाला, पुढे १९६१ चा, आणि २०१७ पासून रजा २६ आठवड्यांची झाली. पण ती पगारदार बाईची. कोयत्यावरच्या बाईला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, तेही टप्प्याटप्प्याने, आणि उचल त्याहून कितीतरी मोठी असते. शेवटच्या तिमाहीत अंगणवाडीत अमृत आहाराचे गरम ताट आहे. बाई पडावावर असली की ते ताट इथेच राहते. मुकादमाने उचल देताना गरोदर बाईला हिशेबातून वगळलेच पाहिजे आणि तिची मजुरी शासनाने भरून दिली पाहिजे, ही आमची मागणी आहे. कारखान्यांनीही यातून अंग काढून घेऊ नये.

नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. लोक कौतुकाने त्या बाकड्यावर बसून फोटो काढतात. त्याच सीमेवरून आपली पोटुशी बाई पलीकडे जाते आणि तिची नोंद मागे राहते. निदान माता-बाल संरक्षण कार्ड, सिकलसेलचा रिपोर्ट आणि महिन्याभराच्या गोळ्या तिच्या पिशवीत आहेत ना, हे निघण्याआधी आशाताईंनी आणि आपल्या महिला मंडळांनी पाहावे. पलीकडच्या सरकारी दवाखान्यातही ते कार्ड दाखवता येते.