डुगडुगता बाक कुणाच्या नावे?

मुलांनो, निरोप समारंभाचे दिवस आले की आमच्या विक्रोळीत, कन्नमवार नगरात, दहावीतली एखादी ताई आईच्या साडीच्या निऱ्यांशी झटापट करताना हमखास दिसते. भाषणं संपली की खरी गंमत, फिशपाँड! चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचं नाव नाही. बाईंनी ती मोठ्यानं वाचायची, की हशा.

आमच्या सातवीच्या निरोपाला मीही एकदा अशीच चिठ्ठी वाचली. एका मुलाच्या तोतरं बोलण्यावर होती. सगळे हसले. तोही हसला, पण नंतर समोशाला त्यानं हात लावला नाही. आधी वाचून बघायला हवी होती, चूक माझीच.

पुढच्या वर्षी फिशपाँड बंद. अमेरिकेतल्या काही शाळांत मोठी मुलं जाताना धाकट्यांच्या नावे गमतीचं मृत्युपत्र लिहितात. पॅरिसच्या फ्रान्स्वा व्हियों या कवीनं तर १४५६ सालीच असं केलं होतं. न्हाव्याला काय दिलं? आपलेच कापलेले केस! ‘मृत्युपत्र’ म्हटल्यावर वर्ग दचकला, म्हणून आम्ही म्हटलं ‘वारसापत्र’. अट एकच: द्यायचं ते स्वतःचं, आणि खाली सही.

मग काय! “खिडकीजवळचा डुगडुगता बाक सहावीला. डावा पाय दाबून बसा.” “माझं अक्षर डॉक्टर होणाऱ्याला.” “उशिरा येण्याची माझी सगळी कारणं पाचवीला. पावसाचं सोडून, ते मला हायस्कूलात लागेल.”

तुम्ही काय ठेवून जाणार? लिहा, पण कागदावर हं, बाकावर कोरू नका!