छातीतील कळ 'गॅस' ठरविण्याचा अधिकार कोणाला?

न्यायालयाच्या व्हरांड्यात आमचे एक वकील सहकारी छाती चोळत बाकावर बसले होते. कपाळावर घाम, चेहरा पांढराफटक. विचारले तर म्हणाले, "काही नाही हो, सकाळी वडापाव खाल्ला, गॅस झालाय." तारीख चुकू नये म्हणून ते तसेच बसून राहिले. सोडा प्यायले, आले चघळले. संध्याकाळी ईसीजी काढला तेव्हा हृदयविकाराचा झटका असल्याचे कळले. जीव वाचला, पण हृदयाच्या स्नायूचा मेलेला भाग परत आला नाही. आज एक जिना चढताना त्यांना दोनदा थांबावे लागते.

कायदा शिकलेल्या माणसाची ही गत, तर रोजंदारीवर जाणाऱ्या आमच्या बांधवाची काय असेल? आम्हाला वाटते, हा केवळ अज्ञानाचा प्रश्न नाही. 'गॅस' म्हटले की दहा रुपयांत भागते. 'हृदय' म्हटले की रोज बुडतो आणि लाखाचा आकडा डोळ्यांपुढे येतो. म्हणून गरीब माणूस स्वतःच निदान करतो आणि स्वस्तातले निदान निवडतो. ही निवड त्याला सर्वात महाग पडते.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली की त्या भागातील स्नायू मरू लागतो. वाहिनी जितकी लवकर मोकळी होईल तितका स्नायू वाचतो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन असो की अँजिओप्लास्टी, पहिल्या काही तासांतच त्यांचा खरा उपयोग होतो. म्हणजे येथे वेळ हेच औषध आहे.

मग ओळखायचे कसे? छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे किंवा जड ओझे ठेवल्यासारखे वाटणे. ते काही मिनिटांत न थांबणे किंवा थांबून पुन्हा येणे. दुखणे खांदा, हात, मान, जबडा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागात पसरणे. सोबत थंड घाम, धाप, मळमळ, चक्कर. 'डावा हात दुखला तरच हृदयविकार' ही समजूत चुकीची आहे. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात छाती फारशी न दुखताही केवळ धाप, मळमळ किंवा एकाएकी आलेला प्रचंड थकवा एवढेच लक्षण असू शकते. घरातील माउली "जीव घाबरतोय" म्हणाली तर "आराम कर" म्हणून विषय संपवू नका.

अशी लक्षणे दिसताच घरी वाट पाहायची नाही. रुग्णाने स्वतः मोटारसायकल चालवत जायचे नाही. महाराष्ट्रात 2014 पासून सुरू असलेली 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे. तिला फोन करावा आणि ईसीजीची सोय असलेले रुग्णालय गाठावे. तेथे पोहोचताच पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, तो मागून घ्या. पहिला ईसीजी ठीक आला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. दुखणे चालू असेल तर तो पुन्हा काढावा लागतो आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते.

दुसरा प्रकार असा, की चालताना, चढताना छाती भरून येते आणि थांबले की बरे वाटते. हा शरीराने दिलेला आगाऊ इशारा आहे. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ते सांगतील त्याप्रमाणे टूडी इको, स्ट्रेस टेस्ट करून घ्या. हा त्रास वाढू लागला किंवा बसल्याजागी होऊ लागला, तर तो झटकाच समजून निघा. आणि काहीही होत नसले तरी तिशीनंतर रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासत राहा. सभा-मोर्चांच्या धावपळीत उपाशी राहून तंबाखूवर दिवस काढणाऱ्या कार्यकर्त्यांना हे विशेषत्वाने सांगणे आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. येथे आम्ही वकील म्हणून बोलतो. जीव वाचविणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सांगितले. 1996 साली पश्चिम बंगालमधील शेतमजूर समितीच्या खटल्यात, खाट नाही म्हणून सरकारी रुग्णालयांनी परत पाठविलेल्या जखमी सदस्याला 25,000 रुपये भरपाई देववली आणि वेळेवर उपचार नाकारणे हा संविधानाच्या कलम 21 चा भंग ठरविला. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला त्यांनी तत्काळ दाखल केले पाहिजे. निर्धनाकडून अनामत मागता येत नाही.

हक्क कागदावर आहे. पण तो बजावायला रुग्ण रुग्णालयाच्या दारापर्यंत जिवंत पोहोचला पाहिजे. ईसीजी काढून तो गॅसच निघाला तर हसत घरी या. त्यात लाज कसली? छातीतील कळ गॅस आहे की हृदयविकार, हे ठरविण्याचा अधिकार सोड्याच्या बाटलीला नाही, शेजाऱ्याला नाही आणि आपल्यालाही नाही. तो तपासणीचा आहे.