खाणीतून मैदानावर, मैदानावरून मद्यगृहात

१९ एप्रिल १९५८ रोजी मँचेस्टर शहरात बिली मेरेडिथ हा ८३ वर्षांचा वृद्ध निवर्तला. एके काळी उत्तर इंग्लंडच्या आणि वेल्सच्या कामगार वस्त्यांत त्याचे नाव ठाऊक नसलेले घर शोधावे लागले असते. त्याच मेरेडिथचा देह मँचेस्टरच्या सदर्न सिमेटरीत पुरला गेला आणि त्या जागेवर नावाचा दगडही बसला नाही. तो बसायला २००१ साल उजाडावे लागले. त्या दगडाचा खर्च उचलणाऱ्यांमध्ये त्याचे दोन्ही जुने क्लब होते, वेल्सची फुटबॉल संघटना होती, आणि १९०७ साली त्याने ज्या युनियनच्या उभारणीत पुढाकार घेतला होता तिची आजची वारसदार संघटनाही होती. खेळाडूचे कौतुक करणारा समाज खेळाडूतल्या कामगाराला कसे वागवतो, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी हे आयुष्य बारकाईने पाहावे.

मेरेडिथचा जन्म १८७४ सालचा. इंग्लंडच्या सीमेलगत असलेल्या वेल्समधील चर्क गावाजवळचे ब्लॅक पार्क हे त्याचे जन्मस्थान. घर मेथडिस्ट वळणाचे, गाव कोळशाच्या खाणीवर जगणारे. वयाच्या १२व्या वर्षी तो खाणीत कामाला उतरला. १८९४ साली मँचेस्टर सिटी क्लबने त्याला घेतले, तरी सुरुवातीस त्याने खाणीतील काम सोडले नाही. खाणीची मजुरी अपुरी असली तरी ती दर आठवड्याला हाती पडत होती; फुटबॉलचा काय भरवसा? हा हिशेब भित्र्या माणसाचा नव्हता. पोट हातावर असलेल्या प्रत्येक माणसाला तो करावाच लागतो.

खेळण्याबद्दल पैसे घेणे इंग्लंडमध्ये १८८५ सालापर्यंत नियमबाह्य होते. फुटबॉल असोसिएशनची स्थापना १८६३ सालची. तिच्यावर पब्लिक स्कूलमधून शिकून बाहेर पडलेल्या संपन्न गृहस्थांचा वरचष्मा होता. पैशासाठी खेळल्याने खेळाचे पावित्र्य बिघडते, असे ही मंडळी म्हणत. ज्याच्या घरी शेतीवाडीचे उत्पन्न चालून येते, त्याला पावित्र्य परवडते. लँकेशायरच्या गिरणीतील विणकऱ्याला किंवा ग्लासगोच्या पाथरवटाला सामन्यासाठी खाडा केला की मजुरी बुडत असे. तेव्हा हौशी खेळाच्या तत्त्वाचा व्यवहारातील अर्थ एवढाच होता की, खेळ हा फुरसद असलेल्यांचा हक्क आणि कामगाराने कडेला उभे राहून तो पाहावा. उत्तरेकडील क्लबांनी हे तत्त्व झुगारले आणि १८८५ साली असोसिएशनला व्यावसायिक खेळाडूला मान्यता द्यावी लागली. फुटबॉलमध्ये कामगारवर्गाने मिळवलेला तो पहिला विजय होय.

पण मजुरीला मान्यता मिळाली, तरी मजुराचे हक्क मान्य झाले नाहीत. १८८८ साली १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली आणि लवकरच खेळाडूला क्लबशी जखडणारी नोंदणीची पद्धत आली. करार संपला तरी जुन्या क्लबच्या संमतीवाचून खेळाडूला लीगमधील दुसऱ्या क्लबकडे जाता येत नसे. १९०१ साली त्यावर दुसरी साखळी चढली. आठवड्याला ४ पौंडांपेक्षा जास्त वेतन कोणालाही द्यावयाचे नाही, सामना जिंकल्याबद्दल बक्षिसीही द्यावयाची नाही, असा नियम झाला. ४ पौंड ही रक्कम त्या काळच्या कामगाराच्या दृष्टीने लहान नव्हती, हे खरे. परंतु ती कमाल मर्यादा होती. बहुसंख्य खेळाडूंना त्याहून कमीच मिळे, आणि तेही तारुण्याची मोजकी वर्षे. उलट १९०५ साली मिडल्सबरो क्लबने आल्फ कॉमन या खेळाडूसाठी संडरलँड क्लबला १००० पौंड मोजले. खेळाडूच्या किमतीवर मर्यादा नव्हती; मर्यादा होती ती फक्त खेळाडूच्या खिशात पडणाऱ्या पैशावर.

या व्यवस्थेत भ्रष्टाचार माजला नसता तरच नवल. १९०४ साली मँचेस्टर सिटीने एफ. ए. कप जिंकला. अंतिम सामन्यातील एकमेव गोल कर्णधार मेरेडिथचा होता. पुढच्याच वर्षी अ‍ॅस्टन व्हिला संघाच्या अ‍ॅलेक लीकला सामना सोडण्यासाठी १० पौंड देऊ केल्याच्या आरोपावरून मेरेडिथवर बंदी आली. त्याने आधी आरोप नाकारला. मात्र क्लबने हात वर केले तेव्हा, हे सारे व्यवस्थापकाच्या संमतीने झाले असे त्याने उघडपणे सांगितले. चौकशीत सिटी क्लब कमाल वेतनाचा नियम मोडून खेळाडूंना गुपचूप पैसे देत असल्याचे उघड झाले. १९०६ साली १७ खेळाडूंवर बंदी आणि दंड लादला गेला. मेरेडिथला येथे निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. लाच देऊ करणे ही लाचच असते, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या मजुराला त्याने मोहात पाडू पाहिले हा त्याचा दोष आहे. परंतु ज्या नियमाने प्रत्येक क्लबला चोरवाट शोधायला लावली तो नियम शाबूत राहिला, आणि त्या वाटेने चाललेले खेळाडू तेवढे गुन्हेगार ठरले, हेही तितकेच खरे आहे.

बंदीच्या काळात मेरेडिथला एक गोष्ट उमगली. त्याच्यासारखा नामवंत खेळाडूसुद्धा एकटा असताना कोणीच नव्हता. १९०६ साली तो मँचेस्टर युनायटेडकडे आला आणि २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात खेळाडूंची युनियन स्थापन करणारी सभा त्याच्या अध्यक्षतेखाली भरली. त्याआधी १८९८ साली असा एक प्रयत्न होऊन अल्पावधीतच मावळला होता. या वेळी प्रश्न केवळ ४ पौंडांचा नव्हता. मेरेडिथचा सिटीतील सहकारी आणि वेल्समधलाच खेळाडू डी जोन्स १९०२ साली गुडघ्याला झालेली जखम चिघळून वारला होता. १९०७ साली युनायटेडचा टॉमस ब्लॅकस्टॉक चेंडू डोक्याने मारल्यानंतर मैदानावरच कोसळला आणि गतप्राण झाला. खाणीत दरड कोसळून माणूस मेला तर निदान नुकसानभरपाईचा कायदा होता. मैदानावर मेलेल्याच्या कुटुंबाला कशाचाच आधार नव्हता. खाणीतून आलेल्या मेरेडिथला हा फरक कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९०९ साली खरी कसोटी लागली. ही युनियन देशातील कामगार संघटनांच्या महासंघाशी जोडली जाणार, या कल्पनेने फुटबॉल असोसिएशन बिथरली. रेल्वे कामगारांनी किंवा खाणकामगारांनी संप पुकारला तर फुटबॉलपटूही मैदान सोडतील, ही भीती त्यामागे होती. १ जुलैपूर्वी युनियन सोडा, नाही तर खेळणे बंद, असे फर्मान निघाले. बहुतेक क्लबांच्या खेळाडूंनी मान तुकवली. चार्ली रॉबर्ट्सच्या नेतृत्वाखाली मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू मात्र अडून बसले. वेतन थांबले, क्लबच्या मैदानाची दारे बंद झाली, तेव्हा ते दुसरीकडे सराव करू लागले आणि स्वतःला त्यांनी ‘बहिष्कृत’ म्हणवून घेतले. एव्हर्टनचा टिम कोलमन त्यांना येऊन मिळाला. त्याच वर्षी मेरेडिथचे क्रीडासाहित्याचे दुकान आगीत भस्म झाले होते; तरीही तो मागे हटला नाही. हंगाम तोंडावर आला तसे असोसिएशनला युनियनचे अस्तित्व मान्य करावे लागले. मात्र महासंघाशी नाते ठेवू नये ही अट राहिली आणि काही महिन्यांतच बहुसंख्य खेळाडूंनी मतदानाने ती पत्करली. मान्यता मिळाली, पण इतर कामगारांशी असलेला दुवा तुटला. मेरेडिथला ही तडजोड पटली नव्हती आणि ते त्याने लपवलेही नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तो समाजवाद्यांच्या तोंडीही ऐकू येतो. कमाल वेतन म्हणजे एक प्रकारची समताच नव्हे काय? सर्वांना सारखी मर्यादा घातली तर गरीब क्लबही श्रीमंत क्लबांसमोर टिकतात. आणि भागधारकांच्या लाभांशावरही असोसिएशनने मर्यादा घातली होतीच. आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण समतेची कसोटी रकमेवर लागत नाही, सत्तेवर लागते. मर्यादा कोणी ठरवायची, कोणाच्या संमतीने ठरवायची, आणि ती नको असेल तर कामगाराला दुसरीकडे जाण्याची मुभा आहे की नाही, हे मूळ प्रश्न आहेत. येथे नियम करणारे संचालक होते, आणि नियमाखाली भरडले जाणारे खेळाडू त्या सभागृहात कोठेच नव्हते. श्रम विकणाऱ्यावर लादलेली आणि विकत घेणाऱ्याने ठरवलेली समता ही समता नसून मालकांनी आपसांत केलेला करार असतो. १९१२ साली हर्बर्ट किंगाबी या खेळाडूच्या बाजूने युनियनने अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. त्या खटल्यात पराभव होऊन युनियन जवळजवळ कफल्लक झाली. साखळी तशीच राहिली.

मेरेडिथ मात्र खेळत राहिला. मँचेस्टर युनायटेडकडून त्याने दोन वेळा लीगचे अजिंक्यपद आणि एकदा कप जिंकला. १८९५ ते १९२० या काळात तो वेल्सकडून ४८ सामने खेळला. १९२४ साली कपच्या उपांत्य सामन्यात सिटीकडून उतरला तेव्हा त्याचे वय ४९ होते. लोकांनी याला चमत्कार म्हटले. पण ५०च्या उंबरठ्यावरील माणूस विशीतल्या तरुणांमागे धावतो तेव्हा त्यात खेळावरील प्रेमाइतकाच मिळकतीचा प्रश्नही असतो. निवृत्तिवेतन नव्हते, भविष्यनिर्वाह निधी नव्हता. उरली होती ती एकच जुनी वाट : मद्यगृह, ज्याला तिकडे पब म्हणतात. मँचेस्टरमधील स्ट्रेटफोर्ड रोड हॉटेल तो अनेक वर्षे चालवीत होता. मेथडिस्ट घरात वाढलेल्या खाणकामगाराच्या मुलाने गल्ल्यामागे उभे राहून बिअरचे पेले भरावेत, हा दैवाचा विनोद नव्हता. ती व्यवस्थेची नेहमीची रीत होती.

कारण फुटबॉल आणि बिअर यांचे नाते गल्ल्यापुरते नव्हते, ते भांडवलाचे होते. मँचेस्टर सिटी क्लब आर्डविक या जुन्या नावाने खेळे तेव्हा खेळाडू हाइड रोड हॉटेल या मद्यगृहात कपडे बदलीत. १९०२ साली कर्जात बुडालेल्या न्यूटन हीथ क्लबला सावरून त्याचे मँचेस्टर युनायटेड करणारा जॉन हेन्री डेव्हिस हा मद्यनिर्माताच होता. इंग्लंडमधील बरीचशी मद्यगृहे बिअर कंपन्यांच्या मालकीची किंवा त्यांना बांधील असत. चालवणाऱ्याने माल त्याच कंपनीकडून, तिच्याच दराने घ्यायचा. अशा मद्यगृहावर जुन्या खेळाडूची पाटी लागली की गिऱ्हाईक आपोआप वाढे. म्हणजे तारुण्यात पाय विकले आणि उतारवयात नाव विकले. आधी क्लबला बांधील, नंतर कंपनीला.

सर्वांना तेवढेही लाभले नाही. पश्चिम आफ्रिकेतील अक्रा येथे जन्मलेला आर्थर व्हार्टन हा पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू मानला जातो. त्याने रॉदरहॅममध्ये मद्यगृह चालवून पाहिले आणि शेवटी कोळशाच्या खाणीत मजुरी पत्करली. मेरेडिथ खाणीतून वर आला, व्हार्टन खाणीत खाली गेला. १९३० साली तो वारला आणि त्याच्या थडग्यावरही १९९७ सालापर्यंत दगड नव्हता.

मेरेडिथच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांत, जानेवारी १९६१ मध्ये, जिमी हिलच्या नेतृत्वाखाली युनियनने संपाची नोटीस देऊन कमाल वेतनाचा नियम मोडीत काढला. त्या वेळी ही मर्यादा आठवड्याला २० पौंडांवर पोचली होती. १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने नोंदणीच्या साखळीवर पहिला मोठा घाव घातला. ज्या मागण्या १९०७ साली उद्धटपणाच्या ठरल्या, त्या अर्ध्या शतकानंतर न्याय्य ठरल्या. तरी लढा संपलेला नाही. जेफ अ‍ॅसल हा इंग्लंडचा खेळाडू २००२ साली वारला, तेव्हा वर्षानुवर्षे डोक्याने चेंडू मारल्याने मेंदूला झालेली इजा हा धंद्यातून जडलेला रोग आहे, असा निर्णय मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने दिला. ब्लॅकस्टॉकच्या मृत्यूने १९०७ साली विचारलेला प्रश्न जवळजवळ शतकानंतर पुन्हा उभा राहिला : मैदानावर झिजलेल्या शरीराची जबाबदारी कोणाची?

आजचे मूठभर तारे अमाप पैसा मिळवतात, म्हणून फुटबॉलपटूला कामगार म्हणणे काहींना हास्यास्पद वाटते. त्यांनी ताऱ्यांकडे न पाहता खालच्या विभागातील खेळाडूकडे, दुखापतीने विशीतच घरी बसलेल्या तरुणाकडे पाहावे. मेरेडिथ आपल्या काळाचा सर्वांत मोठा तारा होता. कीर्तीने त्याला ना बंदीपासून वाचवले, ना कर्जापासून, ना बेनामी थडग्यापासून. कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. उत्तम कामगाराला आपल्या कौशल्याच्या बळावर आपण एकटेच निभावून नेऊ असे वाटते, आणि मालकालाही त्याला असेच वाटावे असे वाटत असते. मेरेडिथला तसे वाटणे बंद झाले त्या दिवशी युनियनचा पाया पडला. त्याचे गोल आता जुन्या वर्तमानपत्रांत उरले आहेत. ती युनियन मात्र आजही उभी आहे.