तडजोड कुणाच्या जिवावर?



‘मोडस विव्हेंडी’ हा मुत्सद्द्यांच्या वापरातला लॅटिन शब्दप्रयोग. शब्दशः अर्थ ‘जगण्याची रीत’. वाद मिटलेला नाही, पण तो मिटेपर्यंत शेजारी शेजारी नांदायचे कसे, याची तात्पुरती व्यवस्था. चाळीतल्या सामायिक नळावर पाळ्या लागतात तेव्हा भांडण संपलेले नसतेच. पाणी मात्र सर्वांना मिळते.

समान नागरी कायद्याच्या संदर्भात मला हा शब्द महत्त्वाचा वाटतो. २०२४ साली उत्तराखंडने असा कायदा केला आणि आपल्या संघटनांमधला जुना वाद पुन्हा वर आला.

घटनेचे ४४वे कलम ही मुळात अशीच एक व्यवस्था. १९४७ साली मूलभूत हक्कांच्या उपसमितीत बहुमताने ठरले की समान नागरी कायदा हा न्यायालयात मागता येणारा हक्क नसावा, मार्गदर्शक तत्त्व असावे. हंसा मेहता, राजकुमारी अमृत कौर आणि मिनू मसानी यांनी आपले विरोधी मत लेखी नोंदवले. फाळणीच्या तोंडावरची ती तडजोड मला समजू शकते. पण तात्पुरती म्हणून झालेली व्यवस्था पंचाहत्तर वर्षे चालते, तेव्हा तिची किंमत कोण मोजते हे विचारायलाच हवे.

इंदूरच्या शाहबानोंना उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली पोटगी होती महिना १७९ रुपये २० पैसे. एवढ्या रकमेवरून देश पेटला! १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला आणि १९८६ साली संसदेने नवा कायदा करून मुस्लिम स्त्रियांना फौजदारी संहितेच्या १२५व्या कलमापासून दूर सारले. सरकार आणि धर्ममार्तंड यांच्यात समेट झाला; देवघेव झाली ती तिसरीच्याच हक्काची. २००१ आणि २०२४ च्या निकालांनी बरेचसे भरून काढले, पण मधली वर्षे कुणी परत दिली नाहीत.

त्यानंतर जमातवादी पक्षांनी समान कायद्याची मागणी अल्पसंख्याकांविरुद्ध हत्यारासारखी उचलली. म्हणून आपल्यातल्या अनेकजणींनी ‘समान’ऐवजी ‘न्याय्य’ कायदा म्हणायला सुरुवात केली. हिंदू कायदा काही नमुना नव्हता. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. दुसऱ्या मैत्रिणी म्हणतात, हत्यार त्यांच्या हाती गेले म्हणून आपली मागणी आपण का सोडावी? १९६६ साली हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या, तेव्हा ही मागणी त्यांचीच होती. मी स्वतः पहिल्या मताची आहे. पण दुसऱ्या मताच्या बाईला जमातवादी ठरवणे मला मान्य नाही.

तेव्हा आपल्यातही एक मोडस विव्हेंडी हवी. माझी अट एवढीच, की जिच्या हक्काबद्दल ठरते आहे ती बैठकीत असावी, आणि जे ठरेल ते पुन्हा उघडता यावे. कागदावर सह्या करून गप्प बसण्याला मी तडजोड म्हणणार नाही.

या अंकात दोन्ही भूमिका शेजारी शेजारी छापल्या आहेत, कात्री न लावता. संयुक्त निवेदनाचा मसुदा अजून अडलेला आहे. पण थकलेल्या पोटगीच्या वसुलीचे अर्ज भरायला दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्या एकाच टेबलाशी बसतात. ते काम या तिमाहीतही चालू आहे.